बिनखोड

माझ्या सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात कशाला चांगलं म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. जेवण झकास झालेलं असलं, सगळे बोटं चाटत असले, तरी हे ताट सरकवून म्हणायचे, "मीठ आज बरं पडलंय." म्हणजे एरवी पडत नाही. सुनंदा, म्हणजे त्यांची मुलगी आणि माझी बायको, शाळेत पहिली आली तेव्हा पेढा तोंडात टाकत त्यांनी विचारलं होतं, "वर्गात पोरं किती हुती?"

मामांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, धंदा जनावरांचा. घोडेगावच्या बाजारात त्यांचं नाव घेतलं की मालक आपला बैल जरा सावलीत ओढून घ्यायचे. जनावरातला दोष म्हणजे खोड, आणि ती हुडकण्यात मामांचा हात धरणारा कुणी नव्हता. बैलाभोवती ते एक चक्कर मारत, जबडा उघडून दात बघत, पाठीवरून हात फिरवत आणि मग तोंड वाईट करून म्हणत, "मागल्या पायात वाकतोय." बैल मनात भरलेला असला की तोंड आणखी वाईट व्हायचं. चांगला शब्द गेला की मालक भाव चढवून बसतो, हा त्यांचा धंद्यातला पहिला धडा. तो त्यांनी घरीही आणला, एवढीच पंचाईत होती.

या पंचाईतीचा कडेलोट सुनंदाला बघायला पाहुणे येत तेव्हा व्हायचा. सासूबाई पोह्यांच्या बशा देत मुलीचे गुण सांगत असायच्या आणि हे मधेच सुरू व्हायचे, "पोरगी डावरी हाय, आधीच सांगतो. बोलती बी लई. अन् सकाळी हाका मारून घसा बसतो, तवा उठती." पाहुणे एकमेकांकडे बघत बशा खाली ठेवायचे. अशी किती स्थळं परत गेली, त्याची गणती नाही. "मी काय म्हैस आहे का, चारचौघांत माझी खोड सांगायला?" हे सुनंदा लग्नानंतरही तितक्याच रागानं म्हणायची. पण रागाखाली दुसरंच होतं. आपण आपल्या बापाला कधी आवडलोच नाही, असं तिनं मनाशी धरून ठेवलं होतं, आणि ते काही केल्या निघत नव्हतं.

मी हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचा, पाचनईचा. सुनंदा आमच्या शाळेत शिक्षिका म्हणून आली, तिथंच आमचं जमलं. मागणी घालायला मी घोडेगावला गेलो, तर मामांनी मला बसू दिलं नाही.

"मास्तर, जरा त्या लिंबापातुर जाऊन या."

मी गेलो आणि आलो.

"पाय फेकून चालता."

"डोंगरातली सवय आहे मामा."

"मंजी दगडातच ऱ्हाता की. तिथं काय हाय बघण्यासारखं?"

सासूबाई आतून बाहेर आल्या आणि मधे पडल्या म्हणून लग्न झालं. त्यानंतर कितीतरी दिवाळ्या सुनंदा बापाला बोलवत राहिली. मामांचं उत्तर ठरलेलं, "डोंगर काय बघायचा? वर चढायचं अन् खाली उतरायचं. हाताला काय लागतं?" तिला काही फार नको होतं. आबांनी एकदा यावं, घर बघावं आणि पोरी, बऱ्या ठिकाणी पडलीस, एवढं म्हणावं. बस्स.

शेवटी सासूबाईच एकट्या येऊन गेल्या. घरी जाऊन त्यांनी गडाचं इतकं वर्णन केलं की त्यात खोड काढायला म्हणून का होईना, मामा निघाले. आश्विनाचे दिवस होते. अकोले गावातून जीपनं राजूरमार्गे वर येताना भात निसवून लोंब्यांवर आलेलं, ओढे भरलेले, आणि प्रत्येक वळणावर एक नवा डोंगर समोर येऊन उभा राहत होता. मामा खिडकीतून बघत म्हणाले, "खाचरं एवढुशी. बैल वळवायचा कुठं?" घरी आल्यावर उंबरा ठेंगणा निघाला, परसातला फणस वाकडा निघाला. आमची गाय त्यांना बघून उगाच मागं सरकली. सुनंदा भाकरी थापता थापता माझ्याकडे बघून कसनुसं हसली.

सकाळी आम्ही तिघं गडावर निघालो. वाट ओढ्याच्या काठानं जाते, वर भला मोठा कातळ छपरासारखा पुढं आलेला. सोनकीनं सगळा उतार पिवळा झाला होता. "फुलंच हायत निस्ती, चारा कमी," मामा म्हणाले. वर हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाशी आलो. त्यांनी देवळाभोवती सावकाश चक्कर मारली, अगदी बाजारात मारावी तशी, आणि कोरलेल्या दगडावरून तळहात फिरवला. हात शिखराच्या दिशेनं जाईल तितका नेला, मग मान वर करून उरलेलं डोळ्यांनी बघितलं. "हिकडली बाजू पावसानं झिजलीय," असं ते म्हणाले खरे, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

जोर परत आला तो केदारेश्वराच्या गुहेत. तिथं कमरेएवढ्या पाण्यात प्रचंड पिंड आहे आणि भोवती चार खांब होते, त्यातला एकच आता धड उभा आहे. मामांची कळी खुलली. "तीन पाय मोडल्यात! असलं जनावर कुनी दारात बांधंल का?"

सुनंदाचा पारा चढला. "आबा, मोडलेले तीन दिसले. चौथा इतकी वर्षं उभा आहे, तो दिसत नाही?"

मामांनी पाण्यात एक पाय घातला, शहारून मागं घेतला आणि हात जोडले. बाहेर आल्यावर ते लेकीच्या मागून चालू लागले.

मग कोकणकडा आला. मी त्या गडाखाली जन्मलो, तरी तिथं गेलो की अजून जपून पाऊल टाकतो. गवतातून साधी सपाट वाट चाललेली असते आणि पुढं जमीनच नसते. मी मामांचा दंड धरला, त्यांना पालथं झोपवलं आणि आम्ही तिघं कोपरांवर सरकत काठाशी गेलो. खाली कातळाची अर्धगोल भिंत रांजणाच्या पोटासारखी आत वळलेली, ढग तिच्या तळाशी फुटून पसरत होते आणि ढगांच्या फटीतून कोकणातली शेतं, वाड्या, एखादी नदी दिसत आणि पुसली जात होती. वारा खालून वर येत होता. त्यानं मामांची टोपी मागं गवतात नेऊन टाकली, तरी त्यांना पत्ता नाही.

खाली बोट दाखवत ते म्हणाले, "मास्तर, घार खाली हाय."

खरंच होतं. एक घार आमच्या कितीतरी खाली तरंगत होती आणि तिची पाठ दिसत होती. सगळं आयुष्य माणूस घारीचं पोट बघतो. मामांची नजर त्या कातळावरून डावीकडून उजवीकडे गेली, परत आली, तळापर्यंत उतरली, पुन्हा चढली. ती कुठं अडते याची सुनंदा वाट बघत होती. ती कुठंच अडली नाही. मग मामांनी मान वळवून मागं बघितलं, दोन्ही बाजूंना बघितलं आणि लेकीच्या कानाशी कुजबुजले, "बिनखोड हाय."

"काय म्हणालात?" सुनंदा जवळजवळ ओरडलीच.

"हळू बोल की! मालक ऐकंल."

ती खळखळून हसली. "आबा, या कड्याला कुठला आलाय मालक?"

"असंल की. एवढं उभं केलंय त्यानं, मंजी असंल हितंच कुठंतरी." असं म्हणून त्यांनी कपाळ कातळाला टेकवलं. ते वर उचललं तेव्हा डोळे भरलेले होते. मलाही भरून आलं होतं, कबूल करायला लाज कसली?

त्या दिवशी घरी त्यांनी कशातच खोड काढली नाही. उंबऱ्यावरून वाकून आत आले, पुढ्यात आलं ते जेवले. सुनंदा मला बाजूला घेऊन विचारू लागली, "आबांना बरं नाही का?" दुसऱ्या दिवशी जीपमध्ये बसताना ते फक्त "येतो" म्हणाले. जीप वळणाआड गेल्यावर ती म्हणाली, "कड्याला चांगलं म्हणून गेले. मला नाहीच म्हणाले." ती आत गेली आणि उगाच भांडी घासत बसली.

पुढं मामा दर आश्विनात येत राहिले. बाजारात कुणी बैलाची फार फुशारकी मारली, तर म्हणायचे, "बिनखोड एकच बघितलंय, अन् ते दावणीला बांधत न्हाईत." गेल्या वर्षी मात्र त्यांनी अंथरूण धरलं. पाय सुजले, अन्न जाईना. आम्ही घोडेगावला गेलो, तेव्हा दुपार होती आणि ते उशांना टेकून दाराकडेच बघत होते. सुनंदानं पाणी पाजलं, तोंड पुसलं. आणि इतक्या वर्षांचं तिच्या तोंडून एकदम बाहेर पडलं.

"आबा, एक विचारू? मला बघायला लोक यायचे, तेव्हा तुम्ही माझी खोड का काढायचात? मी इतकी वाईट होते?"

मामांनी मान उचलून तिच्याकडे बघितलं. हे तिला माहीत नसेल, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

"येडी का तू?" ते म्हणाले. "खोड इकनारा काढतो व्हय कधी? मला तुला कुनाला द्यायचंच नव्हतं गं."