आजोबांचा पाय कुणाचं ऐकतो

मीनल, अजय,

मायलोग्रामच्या फिल्म दिव्यासमोर धरून डॉक्टर म्हणाले, "स्पायनल कॉर्डला इजा झाली आहे, पण ती इनकम्प्लीट आहे." मायलोग्राम म्हणजे कण्यात औषध सोडून काढलेला एक्स-रे. स्पायनल कॉर्ड म्हणजे मज्जारज्जू. मेंदूचे निरोप त्यातूनच पायांपर्यंत जातात. इनकम्प्लीट म्हणजे काही तंतू अजून शाबूत आहेत.

आदल्या दिवशी तुमचे आजोबा सोसायटीच्या टाकीत पाणी चढलं का ते बघायला गच्चीवरच्या शिडीवर चढले आणि पाठीवर पडले. ते काम वॉचमनचं होतं. पण आजोबा सोसायटीचे सेक्रेटरी, त्यांना स्वतः बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

त्यांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला. "संडासला माझ्या पायांनी जाता येईल का?"

"आज कुणी हो म्हणालं तर विश्वास ठेवू नका," डॉक्टर म्हणाले. "आणि नाही म्हणालं, तरीही ठेवू नका."

हॉस्पिटलातले पहिले काही आठवडे पाय नुसते पडून होते. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर बेडसोअर, म्हणजे दाबाने होणाऱ्या जखमा होतात. बेडपॅन द्यायची वेळ आली की ते भिंतीकडे तोंड करत. मी एका वहीत सगळं तारीखवार लिहीत होते.

मुलुंडला घरी आणल्यावर एका सकाळी अंग पुसताना उजवा पाय गुडघ्यातून एकदम वर उडाला. मी वहीत लाल शाईने लिहिलं. चारही मजल्यांवर पेढे वाटले. तुमच्या बाबांना 'पाय हलू लागले' अशी तार केली. ती तार चुकीची होती, हे तुम्हाला आज सांगते.

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट कांबळेबाई आल्या. व्यायाम करवून घेणाऱ्या या बाई वयाने लहान, पण बोलायला सरळ. त्यांनी आधी पेढा खाल्ला. मग म्हणाल्या, "काकू, पेढा छान आहे. पण पाय उडाला म्हणजे हलला नव्हे. याला स्पॅझम म्हणतात. मेंदूने काही सांगितलेलंच नसतं, पाय आपला आपणच झटका देतो."

तुटलेले तंतू पुन्हा वाढतील का, असं मी विचारलं. हातापायातली नस हळूहळू वाढू शकते, मज्जारज्जूतले तंतू तसे वाढत नाहीत, असं त्या म्हणाल्या. पण उरलेल्या तंतूंना रोज तेच काम दिलं, तर ते जास्त भार उचलायला शिकतात.

त्या गेल्यावर आजोबा मला म्हणाले, "माझा पाय माझं ऐकत नाही आणि तू बिल्डिंगभर पेढे वाटलेस." दोन दिवस त्यांनी व्यायाम केला नाही. माझी मान वर होईना.

मग मी वहीत दोन रकाने आखले, 'आपोआप' आणि 'सांगून'. कांबळेबाईंनी परीक्षेची रीत शिकवली. अंगठा हलवा म्हणायचं, मध्येच थांबा म्हणायचं. दोन्ही ऐकलं, तरच ती हालचाल माणसाची. तुमच्या ओळखीत कुणावर ही वेळ आली, तर ही रीत जरूर सांगा.

'आपोआप'चा रकाना भरत गेला. 'सांगून' कोराच राहिला. तरी रोज सकाळी आजोबा अंगठ्याकडे बघत कपाळावर घाम येईपर्यंत जोर लावत.

एका गुरुवारी मी हलवा म्हटलं आणि उजवा अंगठा जेमतेम वाकला. थांबा म्हटलं, थांबला. पुन्हा सांगितलं, पुन्हा वाकला. तीन दिवस तसंच चाललं, तेव्हा कुठे मी लिहिलं.

पुढचं सगळं मेहनतीचं आहे. सुताराने पॅसेजमध्ये दोन लाकडी दांडे बसवून दिले. पायांना कॅलिपर, म्हणजे आधाराच्या लोखंडी पट्ट्या बांधून आजोबा त्यात उभे राहिले, पडले, कांबळेबाईंवर चिडले, पुन्हा उभे राहिले. डावा पाय अजून फरफटतो. तो तसाच राहील, असं डॉक्टर म्हणतात. आता आजोबा कुबड्यांवर चालतात.

काल सकाळी ते पलंगावरून उठून सोळा पावलं चालत संडासाकडे गेले. मी मागून गेले. कडी लावू नका, असं मी बजावलं होतं. त्यांनी लावली.

"तू दाराशी उभी आहेस?" आतून आवाज आला.

"हो."

"मग जा ना. माणसाला थोडं एकटं राहू दे."

मी डॉक्टरांचे, कांबळेबाईंचे मनातल्या मनात आभार मानले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला काही काम नव्हतं.

तुमची,
आजी