मांडीखाली दाबलेला हात

सौंदडच्या स्टेशनवर तो मला एकदाच भेटला. गावचाच, पण दूरच्या विमानतळावर हवाई वाहतूक नियंत्रक. सुट्टी संपवून निघाला होता. घोषणा सुरू झाली की तो अर्ध्या वाक्यात थांबायचा आणि ती संपल्यावरच पुढे बोलायचा.

त्याने खिशातून साहेबाचं पत्र काढलं. दोन विमानं जवळ आली असताना तुम्ही सूचना का दिली नाही, याचा लेखी खुलासा मागितला होता.

"काऊन देऊ सूचना?" तो उसळला. "दोन्ही इमानांतल्या टक्कर टाळाच्या यंत्रांनी आपसात ठरवलं, एकानं वर जाचं, दुसऱ्यानं खाली. पायलटनं मले सांगतलं, का मी यंत्राचं आयकून राहिलो. मंग मी तोंड बंद ठेवाचं, हाच नियम हाय. मी त्याले उलटं सांगतलं असतं तं?" त्याने तळहातावर तळहात असा आपटला की बाकाखालचं कुत्रं उठून गेलं.

"मग तुम्ही काय केलंत?"

"माइकच्या बटनावरचा हात मांडीखाली दाबून बसलो. जीभ वळवळून राहिली होती."

माझं डोकंच फिरलं. हा नियम ज्या साहेबाला पाठ हवा, तोच जाब विचारतो! उगाच बडबडणाऱ्याला कुणी कधी नोटीस दिल्याचं मी तरी ऐकलं नाही.

गाडी आली. "खुलाशात काय लिहिणार?" मी विचारलं.

पत्राची घडी घालत तो म्हणाला, "दोन्ही इमानं उतरली."