कमी असलेली गोळी

आज सकाळी गंगापूर रोडला मल्टिव्हिटॅमिन घ्यायला गेले होते. माझी किडनी अधू आहे, हे आपल्या ग्रुपमधल्या बहुतेकांना ठाऊक आहे. पोटॅशियम वाढू नये म्हणून मी भाज्या उकडून ते पाणी ओतून देते. पाण्याबरोबर जीवनसत्त्वंही जातात, म्हणून डॉक्टरांनी गोळी सुचवली.

औषधाच्या दुकानात म्हटलं, "साधी द्या."

दुकानदाराने मोठी बाटली पुढे केली. "ही घ्या काकू, यात सगळं आहे."

"सगळं नको. कमी असलेली द्या."

"कमी मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

मी चष्मा लावून लेबल वाचलं. पोटॅशियम, फॉस्फरस, मला वर्ज्य असलेली दोन्ही हजर. डॉक्टरांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "ही नको," आणि खाली किडनीच्या रुग्णांसाठीच्या गोळीचं नाव. ती दुकानात होती.

पाकीट देताना त्याने विचारलं, "आणखी काही?"

खरं सांगते, तोंडून ‘मेथी’ असं निघणार होतं. न उकडलेली, लोखंडी कढईत लसणावर परतलेली, चांगली कडवट. सोबत बाजरीची गरम भाकरी. चार वर्षं माझ्या पानात मेथीचा हिरवा चोथा पडतो. पाण्याबरोबर गेलेली जीवनसत्त्वं गोळीतून परत येतील, चव येणार नाही.

"काही नाही," म्हटलं आणि घरी आले.

पथ्यावर असणाऱ्यांनो, साधी गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच घ्या. आणि एवढं सांगा, तुम्हाला कुठल्या भाजीची आठवण येते?