केसाएवढी भेग

फोटोमामा रोग्याचं तोंड बघायच्या आधी त्याची चाल बघत. परभणीतल्या एका खाजगी दवाखान्यात ते एक्स-रे काढायचे. आमच्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणत, म्हणून ते फोटोमामा. कुणी लंगडणं लपवत आला की खुर्चीतूनच ओरडत, "मागं जा, परत चालत या. धडधाकट असल्याचं नाटक नका करू!" टेबलावर कण्हणाऱ्याला म्हणत, "दुखायलंय म्हनूनच आलात ना? का फोटो भिंतीला लावायचाय?"

मी तहसिलीत कारकून होतो आणि रोज पहाटे पिंगळीच्या रस्त्याला पळायचो. ना भरती, ना बक्षीस, नुसती हौस. एका हिवाळ्यात अंतर एकदम दुप्पट केलं आणि उजव्या जांघेत खोल ठणका लागला. आधी पळताना, मग जिना चढतानाही.

मामांनी माझा गुडघा वाकवून पाय आत वळवला. मी किंचाळलो. फोटो मात्र स्वच्छ आला. मामा तो उजेडावर धरून बराच वेळ बघत राहिले.

"भाऊसाहेब, फोटो साफ हाय म्हनून हाड साफ हाय असं न्हाई. खुब्यात केसाएवढी भेग असली तर पहिल्या दिसांत दिसतच न्हाई. पळनं बंद. कुबड्या घ्या, पाय टेकू नका. तीन हप्त्यांनी परत फोटो काढू."

दवाखाना डॉक्टरसाहेबांचा. त्यांनी हे ऐकलं. मामा बौद्ध होते आणि दिवस नामांतराचे होते. साहेब सगळ्या रोग्यांसमोर म्हणाले, "विद्यापीठाचं नाव मागून झालं, आता माझी खुर्ची मागतोस का रे?" सगळे हसले. मीही हसलो. मामा वयानं साहेबांच्या वडिलांएवढे असतील. त्यांनी फोटो पाकिटात घातला आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

साहेबांनी शीर आखडल्याचं सांगितलं, सुई टोचली आणि "पळा बिनधास्त" म्हणाले. मला तेच ऐकायचं होतं. नवव्या दिवशी पिंगळीच्या अलीकडे खुब्यात काडकन वाजलं आणि मी रस्त्यावर कोसळलो. दुधाच्या टेम्पोतून दवाखान्यात आणलं. या वेळचा फोटो कुणालाही वाचता आला असता. मांडीचं हाड खुब्याच्या गोळ्याखाली, मानेपाशी तुटून सरकलं होतं. मामा तेवढा वेळ एकच वाक्य बोलले, "हलू नका, भाऊसाहेब." इतका मऊ आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

औरंगाबादला लगेच शस्त्रक्रिया व्हायला हवी होती. तिथल्या मोठ्या डॉक्टरांशी ओळख साहेबांची. चिठ्ठी देण्याआधी त्यांनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. "लिहा. मामानं पहिला फोटो बिघडवला, म्हणून भेग दिसली नाही." दुखणं असह्य होतं हे खरं, पण हात शाबूत होता. मी लिहिलं, खाली सही केली. त्याच आठवड्यात मामांना कामावरून काढलं.

माझ्या हाडात खिळे बसले, तरी खुब्याचा गोळा आतून मेला. पाय आखूड झाला तो झालाच.

दोन वर्षांनी देवगाव फाट्यावर काठी टेकून एसटीची वाट बघत होतो. बाकावर मामा बसलेले. मला बघून उठले, जागा दिली. मानवतच्या जिनिंगवर राखणीला असतो, म्हणाले.

"मामा, त्या दिवशी मी..."

"बसा. साहेबांनी तुमचा कागद मला वाचायला दिल्ता. अक्षर लय सुरेख हाय तुमचं."

एवढ्यात मानवतची गाडी आली. मामा चढले. मलाही त्याच गाडीनं जायचं होतं. मी बसूनच राहिलो.