पाहुणी असं लिहा

"बैग खोल."

गार्डनं हे माझ्याकडे न बघताच म्हटलं. सकाळची वेळ. गुरुग्राममधल्या एका उंच सोसायटीचं गेट. मागे ऑफिसला निघालेल्या गाड्यांची रांग. बाजूला शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या फ्लॅटवाल्या आया, त्यांच्या खांद्याला पोरांची दप्तरं. ती दप्तरं कोणी उघडायला सांगत नव्हतं.

"क्यों?"

"हेल्प का बैग चेक होता है, जाते टाइम. रूल है."

"कौन हेल्प?"

त्यानं हातातला फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर मी होते. आदल्या संध्याकाळी याच गेटवर काढलेला फोटो. विस्कटलेले केस, पाठीवर सॅक. खाली फ्लॅटचा नंबर आणि इंग्रजीत एक शब्द, हेल्प. म्हणजे धुणंभांडी करणारी, स्वयंपाक करणारी, मुलं सांभाळणारी. त्याच्याखाली हिरव्या अक्षरांत, अप्रूव्ह्ड.

फ्लॅटमधल्या कोणीतरी ते बघितलं होतं आणि हो म्हटलं होतं.

मला कामवाली म्हटलं म्हणून राग आला, असं कोणी समजू नये. माझी मावशी पुण्यात लोकांची भांडी घासते आणि माझी फी बरीच वर्षं त्या भांड्यांतून आली. राग याचा आला, की कामवाली म्हटली की तिची पिशवी उघडायची, हे इथे ठरलेलं होतं. आणि इतकं ठरलेलं होतं, की त्या गार्डला त्यात बोलण्यासारखं काही वाटतच नव्हतं.

मी एका तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवते. तासिका तत्त्वावर. तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली तर उपास. दिल्लीची सल्तनत दरवर्षी शिकवायची आणि दिल्ली पाहिलेली नाही, अशी अवस्था. पोरं विचारायची, "मॅडम, तुघलकाबादचा किल्ला केवढा आहे?" मी पुस्तकातलं सांगायचे. एका दिवाळीच्या सुट्टीत ठरवलं, जायचं. बाजारातून एक स्वस्त सॅक घेतली आणि निघाले.

राहण्याची सोय तशी झालेली होती. कारण साहेब.

साहेब आमच्याच तालुक्यातले. दिल्लीत केंद्र सरकारच्या मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्या वर्षी कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणे म्हणून आले होते. शाल, श्रीफळ, फेटा. भाषणात समता आली, बंधुता आली, गावच्या मातीचा वास आला. शेवटी म्हणाले, "दिल्लीला आलात तर हॉटेलात उतरायचं नाही. माझं घर ते तुमचं घर." टाळ्या पडल्या. मी टाळ्या वाजवल्या आणि नंबरही घेतला. त्या अख्ख्या मंडपात ते वाक्य खरं मानणारी मी एकटीच होते, हे मला पुढे कळलं.

दिल्लीत सुरुवातीला पहाडगंजच्या एका डॉर्मिटरीत राहिले. वरचा पलंग. पंखा इतका जवळ, की उठून बसायची सोय नाही. दिवसभर पायी. दिल्लीत पैसे नसलेल्या माणसाला एक मोठी सवलत आहे, मेलेल्या बादशहांकडे जाणं जिवंत श्रीमंतांकडे जाण्यापेक्षा फार स्वस्त पडतं. करोल बागच्या फुटपाथवर स्वेटर घेतला. "लंडन का माल है, दीदी," विक्रेता म्हणाला. लंडनचं लेबल उलटं शिवलेलं होतं. दुपारी गुरुद्वाऱ्यात जेवले, जमिनीवर, ओळीत. वाढणाऱ्यानं पोळीसाठी दोन्ही हात पुढे करायला सांगितले. गाव विचारलं नाही.

तुघलकाबादच्या पडक्या तटावरून साहेबांना फोन केला.

"साहेब, मी दिल्लीत आलेय."

त्यांनी माझं नाव दोनदा विचारलं. मग, "अरे वा! या ना, बिल्कुल या."

तर संध्याकाळी मेट्रो, मग रिक्षा, मग ते गेट. सोसायटीला इटलीतल्या कुठल्याशा गावाचं नाव होतं. दारात रोमन खांब. खांबांवर काहीही टेकलेलं नव्हतं. तुघलकानं निदान किल्ल्याला स्वतःचं नाव दिलं होतं.

गार्डनं माझी सॅक बघितली, पायातल्या चपला बघितल्या. "काम के लिए?" मी म्हटलं, "नहीं, मिलने." त्यानं फोटो काढला, काहीतरी दाबलं, वरून उत्तर आलं. "उधर से जाओ," म्हणून मागच्या बाजूची लिफ्ट दाखवली. लिफ्टमध्ये कचऱ्याचा डबा होता आणि एक सायकल. मला वाटलं, सॅकमुळे असेल, ही सामानाची लिफ्ट. मागच्या दारानं पाठवलं तर आपण आधी स्वतःलाच समजावतो. ही सवय आम्हाला फार लहानपणी लागते.

दार काकूंनी उघडलं. मी मॅडम म्हटलं, तर म्हणाल्या, "मॅडम काय गं, काकू म्हण!" बाई गोड होत्या, हे आधी सांगून टाकते. मी आईनं दिलेली कुरडयांची पिशवी त्यांच्या हातात ठेवली. आई दिल्लीच्या साहेबांकडे पोरगी रिकाम्या हातानं पाठवणार नव्हती. गहू भिजवून, चीक शिजवून, उन्हात पाठ भाजून केलेल्या कुरडया. साहेबांच्या घरी जाणार म्हणून त्यातल्या न मोडलेल्या निवडून भरल्या होत्या.

"अय्या, कुरडया!" काकू म्हणाल्या. मग चहा ओतता ओतता, "गावात कुठे गं तुमचं घर? देवळाकडे का?"

"नाही. ओढ्यापलीकडे."

"अच्छा," काकू म्हणाल्या.

पुढे त्यांनी गावाबद्दल काही विचारलं नाही. विचारायचं ते विचारून झालं होतं. आमच्या भागातल्या कुठल्याही गावात ओढ्यापलीकडे कोणाची घरं असतात, हे दिल्लीत तीस वर्षं राहूनही विसरायला होत नाही.

माझी झोपायची सोय स्वयंपाकघरामागच्या खोलीत झाली. "गेस्ट रूममध्ये ह्यांची ट्रेडमिल आहे ना." खोलीत खाट, बादल्या आणि छताजवळ एक झरोका. कमी पैशांत फिरणारा माणूस खाट मिळाली की तक्रार करत नाही. मीही केली नाही. जेवताना साहेब समाजरचनेवर बोलले. त्यांच्या कपाटात या विषयावरची, मी नुसती नावं ऐकलेली पुस्तकं होती. एक उघडलं तर पाठ कुरकुरली. ते आजवर कोणी उघडलंच नव्हतं.

सकाळी निघताना काकूंनी कुरडयांची पिशवी परत माझ्या हातात दिली. "आमच्याकडे तळलेलं कोणी खात नाही गं आता. तूच ने, प्रवासात खा." कच्च्या कुरडया, प्रवासात. मी पिशवी सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवली, म्हणजे मोडणार नाहीत. म्हटलं, राहा गं दोन दिवस आणखी, असं कोणी म्हणेल. कोणी म्हटलं नाही. साहेब ट्रेडमिलवर होते. तिथूनच हात हलवला.

आणि मग गेट. बैग खोल.

सॅकची चेन वर थोडी उघडीच राहिली होती. त्यातून पिशवी दिसत होती. गार्डनं बोटानं ती दाबली. आत काहीतरी मोडलं.

"ये कहाँ से उठाया?"

उठाया. बसची वाट बघणाऱ्या दोघी आता सरळ माझ्याकडे वळून बघत होत्या. एकीनं पर्स पुढे ओढून घेतली.

"घर का है. मेरे घर का," मी म्हटलं. आवाज बारीक निघाला. त्याची मला अजून लाज वाटते.

"फ्लैट से पूछना पड़ेगा." त्यानं इंटरकॉम लावला, स्पीकरवर. "सर, आपकी हेल्प जा रही है, कुछ खाने का सामान है बैग में. अलाऊ करें?"

साहेबांचा धापा टाकणारा आवाज सगळ्या गेटनं ऐकला. "हाँ हाँ, जाने दो. मैंने ही दिया है."

मैंने ही दिया है.

माझ्या आईच्या कुरडया. साहेबांनी त्या एका वाक्यात मला दान करून टाकल्या. आणि 'आपकी हेल्प' हा शब्द त्यांनी ऐकला होता. तो त्यांना कुठेच अडला नाही.

गार्ड बाजूला झाला. "जाओ."

जायला हरकत नव्हती. सुटका झाली होती. सॅकही उघडावी लागली नव्हती. तिथून चालू लागले असते, तर आज मी तुम्हाला फक्त तुघलकाबादचं वर्णन सांगत असते.

मी सॅक उतरवली. जिथे गाड्यांसाठी आडवी दांडी असते, बरोबर तिथे ठेवली आणि तिच्यावर बसले.

"सर को नीचे बुलाओ."

"दीदी, क्या कर रही हो, मेरी नौकरी जाएगी." आता मी दीदी झाले होते.

"तुमसे झगड़ा नहीं है. तुम्हारा बैग भी चेक होता है ना?"

त्यानं फोन उचलला.

साहेब खाली आले. अर्धी चड्डी, गळ्यात टॉवेल. समोरच्या लिफ्टनं आले. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. साहेब वाकून हळू आवाजात मराठीत बोलू लागले. चार लोकांत मराठी ही त्यांना कुजबुजायलाच लागत असावी.

"अगं बेटा, काय तमाशा हा? ऊठ."

"साहेब, काल फोनवर काय लिहून आलं होतं?"

"अरे यार, ते एक बटण असतं. दाबलं की गेट उघडतं. कोण वाचत बसतं?"

"मग आज वाचा. आणि ह्यांना सांगा, पाहुणी असं लिहा. आणि कुरडया कोणी कोणाला दिल्या, तेही सांगा."

"काय फरक पडतो गं त्यानं?"

"पडत नसेल तर सांगून टाका."

साहेबांनी मान वर केली. बसवाल्या आया बघत होत्या. गाडीतून उतरलेला एक सूटवाला बघत होता, तो त्यांना नावानं ओळखत होता. साहेबांनी तोंड उघडलं. मंडपात माईकवर हजार माणसांपुढे न अडखळणारा माणूस. गार्डला म्हणाले, "शी इज फ्रॉम माय नेटिव्ह प्लेस. लेट हर गो."

एक शब्द होता. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, कशातही चालला असता. त्यांच्या तोंडून तो निघाला नाही.

सूटवाला ओरडला, "अरे हटाओ यार, मीटिंग है मेरी!" दांडी वर गेली. माझ्यासाठी नव्हे, गाड्यांसाठी. मी उठले, सॅक पाठीवर घेतली आणि पायी जाणाऱ्यांच्या फटीतून न जाता गाड्यांच्या वाटेनं, मधोमध बाहेर आले. मागच्या गाड्यांना माझ्या चालीनं यावं लागलं. मी सावकाश चालले. सॅक बंद होती.

उरलेले दिवस मी पुन्हा त्या वरच्या पलंगावर काढले. खालच्या पलंगावर एक केरळी मुलगी होती. कोपऱ्यावरच्या पराठेवाल्यानं कुरडया तळून दिल्या, आम्ही तिघांनी खाल्ल्या. मोडलेल्यासुद्धा छान फुलल्या.

ही गोष्ट इथे संपवता आली असती. पण त्या फोनमध्ये माझा फोटो अजून असेल, खाली तोच शब्द असेल. आणि परवा प्राचार्यांनी मला बोलावलं.

"यंदाही साहेब येतायत. तुम्ही चांगलं बोलता. परिचय तुम्हीच करून द्या."

पुढच्या वर्षीचे माझे तास प्राचार्यांच्या सहीवर आहेत. मला हे माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. मी हो म्हटलं.

पत्रिका छापून आली आहे. साहेबांच्या नावाआधी ठळक अक्षरांत 'प्रमुख पाहुणे'. आम्ही त्यांना समोरच्या दारानं आत आणू. त्यांची बॅग कोणी तपासणार नाही, कोणी तपासू लागलं तर मीच आडवी येईन. फेटा बांधू, शाल देऊ. मग माईक माझ्या हातात येईल आणि मी साहेबांचा परिचय करून देईन. सगळा. गेटसकट, लिफ्टसकट, कुरडयांसकट.

आईला सांगितलंय, या वेळी पहिल्या रांगेत बसायचं.