पोह्यांवरचं ओलं खोबरं

आयसीयूतून रोह्याला घरी आले तेव्हा माझे पाय दुसऱ्या कोणाचे तरी वाटत होते. बारा दिवस नळ्या लावून पडल्यावर मांड्यांतला जोर पार गेला होता. खुर्चीतून उठायचं तर हात द्यायला माणूस हवा, आणि माझ्या घरात माणसांचाच दुष्काळ. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा परदेशात. कामवाली सकाळी यायची आणि कामं उरकून पळायची.

मंगळवारी आणि शुक्रवारी मात्र फिजिओथेरपिस्ट यायची. जोहे गावची, गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या कारखान्याच्या घरातली, चाळिशीची, नखांच्या कडेला कायम रंग. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, “बाई, बरं होऊन काय करायचं हाय?” जन्मभर शाळेत मी मुलांना प्रश्न विचारले, मला असं कोणी विचारलं नव्हतं. म्हटलं, “विळीवर बसून नारळ खवायचाय. आणि कोणाचा हात न धरता उठायचंय.”

तिनं ते मनावर घेतलं. आधी खुर्ची, मग बुटकं स्टूल, मग एकावर एक दोन पाट, मग एकच पाट. मी उठले की मोठ्यानं आकडा म्हणायची आणि वर, “अजून एक, बाई.” मी कुरकुरायची, पण तिच्या येण्याच्या दिवशी सकाळपासून माझे कान फाटकाकडे असायचे. व्यायाम झाला की पोहे आणि चहा. ती सासूची गाऱ्हाणी सांगायची, मी चवीनं ऐकायची.

एका रविवारी घरात एकटी असताना मी जमिनीवर बसले, आणि उठलेही. आनंद झाला, आणि लगेच नजर फाटकाकडे गेली. आता ही कशाला येईल?

मंगळवारी मी तिला सांगितलं, “जमिनीवरून काही जमत नाही गं.” पुढचे तीन आठवडे पाटावरून उठतानाही मी मुद्दाम तिचा खांदा धरत राहिले. लबाडीच ती. वर्गात कोणी पोटदुखीचं सोंग केलं तर मी क्षणात ओळखायची. हिनं मात्र माझ्यावर विश्वास ठेवला.

सवयीनं घात केला. कामवाली आठवडाभर गावी गेली होती. ओट्याशी उभी राहून पोहे मीच केले आणि नेहमीसारखं वरून मूठभर ओलं खोबरं पेरलं. दोन घास खाऊन ती थांबली. कोपऱ्यातल्या विळीकडे बघितलं. खवणीला पांढरा कीस चिकटला होता.

“बाई, खोबरं कोणी खवलं?”

“मी.”

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, “नागोठण्याला एक आजोबा हायत. आयसीयूतनं आलेत, पलंगावर उठून बसता येत नाय त्यांना. माझे बाकीचे वार भरलेत, म्हणून तीन आठवडे सांगतेय, रोह्याच्या बाई उठल्या की तुमच्याकडं येते.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “शुक्रवारपासून तिकडेच जा,” मी म्हटलं. मग तिच्याकडे न बघता जमिनीवर बसले आणि उठले. “एक,” ती म्हणाली. ‘अजून’ म्हणाली नाही.

शुक्रवारी फाटक वाजलं नाही. आयसीयूतही इतकं एकटं वाटलं नव्हतं. तिथं निदान नर्स यायच्या. मी विळीवर बसून अख्खा नारळ खवला, दोघींना पुरेल इतका. मग कोणाचा हात न धरता उठले. हेच तर मागितलं होतं मी.