मेजरांचा हलका पाय

आमच्याकडे कुणी नवी गाडी आणली की पेढा तोंडात टाकायच्या आधी पहिला प्रश्न येतो, ‘किती देती?’ रंग, हप्ता, नंबर या गोष्टी नंतरच्या. आणि सांगणारा कधी खरं सांगत नाही. बारा देणारी गाडी चारचौघांत पंधरा देते, पंधरा देणारी अठरा. ऐकणाऱ्यालाही ते माहीत असतं. तो मनातल्या मनात तीन वजा करतो आणि दुसरा पेढा उचलतो. स्थळ बघताना मुलाचा पगार सांगतात, त्यातलाच हा प्रकार. यात कुणाचं वाईट होत नाही, असंच मी समजत होतो.

लालासाहेब बर्गे मूळचे कोरेगावकडचे. फौजेत ते हवालदार होते, ट्रकवर ड्रायव्हर. पण आमच्या भागात फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, तसे तेही मेजर झाले. कुपवाडला आमची लहानशी फौंड्री आहे. मी तिथं स्टोअर सांभाळतो आणि मेजर गाड्यांवर देखरेख ठेवतात. इस्त्रीचा शर्ट, काळीभोर केलेली मिशी, आणि गाडीत बसण्याआधी तिच्याभोवती एक चक्कर. टायरला बुटाचं टोक मारून बघितल्याशिवाय हा माणूस कधी स्टेअरिंगला हात लावणार नाही.

त्यांचं एक वाक्य अख्ख्या वसाहतीत प्रसिद्ध होतं. ‘गाडी काय देत न्हाई, पाय देतो.’ कुणी ड्रायव्हर कुरकुरला की टेम्पो कमी देतोय, तर मेजर त्याच्या चपलेकडे बघत म्हणायचे, ‘पाय जड हाय तुजा, गड्या.’ मग स्वतः बसायचे, आणि खरोखर तोच टेम्पो दोन जास्त द्यायचा. मी डोळ्यांनी बघितलंय. पहाडात बर्फावर ट्रक चालवलेला माणूस तो. या एका गोष्टीचा त्यांना इतका अभिमान होता, की देवानं उद्या विचारलं असतं, ‘आयुष्यात काय केलंस?’ तर मेजरांनी पाय पुढं करून दाखवला असता.

धाकट्या मालकांनी, म्हणजे यशराजसाहेबांनी, हौसेनं एक लाल गाडी घेतली होती. आकारानं छोटी, पण टर्बो इंजिन, काळं छत, मागं पंख लावल्यासारखा स्पॉयलर. वर्षभर उडवली आणि मग त्यांचं मन मोठ्या गाडीवर गेलं. लाल गाडी फौंड्रीच्या कामाला आली. गिऱ्हाइकाला स्टेशनवरून आणणं, साताऱ्याला नमुन्याचे पार्ट पोचवणं, अशी कामं. तिच्यावर अजमलला बसवलं. अजमल मिरजेच्या बाजूचा, तिशीतला, कमी बोलणारा. लग्न नुकतंच झालं होतं. गाडी इतकी पुसायचा की आम्ही म्हणायचो, बायकोला सवत आणली.

कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, एका लिटरला वीस. अजमलच्या हातात ती देत होती तेरा.

‘स्क्रीनवरच बघा की मेजर,’ अजमल म्हणाला. खरंच, समोरच्या स्क्रीनवर आकडा दिसत होता. पण मेजरांचा असल्या स्क्रीनवर विश्वास नव्हता. मोबाइलमधल्या गेमसारखी ती गोष्ट, कुणीही दाबावी आणि काहीही आणावं, असं त्यांचं मत. टाकी फुल्ल करायची, फिरायचं, परत त्याच पंपावर फुल्ल करायची, हाच त्यांचा कायदा. त्या कायद्यानंही तेराच आले. तेव्हा चहाच्या वेळी सगळ्यांसमोर मेजर बोलून गेले, ‘वीसची गाडी तेरा देती म्हंजे काय? पाय तरी जड आसंल, न्हाईतर कॅन तरी जड आसंल.’

सगळे हसले. मीही हसलो. अजमल हसला नाही. ड्रायव्हर लोकांत कॅनचा अर्थ एकच असतो, टाकीतलं काढून घरी नेणं.

यशराजसाहेबांच्या कानावर ते गेलंच. ते म्हणाले, ‘मेजर, एकदा तुम्हीच चालवा. बघू किती देते.’ बस्स. मेजरांना लढाईवर निघाल्यासारखं झालं. कुपवाडच्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली, नमुन्याचे पार्ट मागं ठेवले आणि एकटेच साताऱ्याला निघाले.

पुढचं मी बघितलेलं नाही. मेजरांनीच ते मला नंतर सांगितलं, आणि सांगताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

मे महिन्याचं ऊन, एसी बंद. साठच्या पुढं काटा जाऊ दिला नाही. मागून ट्रकवाले हॉर्न मारून शिव्या घालत पुढं जात होते. हायवेवर रुंदीकरणाचं काम, दर दहा मिनिटाला डायव्हर्जन, धूळ, पहिला गिअर, दुसरा गिअर. साताऱ्यात पोचले तेव्हा शर्ट पिळून काढावा असा झालेला, आणि ज्या स्क्रीनवर विश्वास नव्हता ती तेराच्या थोडं वर दाखवत होती. परत येताना आणखी जपून चालवली. आयुष्यभर शिकलेलं सगळं वापरलं. आकडा हलला नाही.

‘तवा मला काय वाटलं सांगू?’ मेजर म्हणाले. ‘मला अजमलची आठवण झाली न्हाई. म्या नागडा झालो आसं वाटलं.’

साधी गोष्ट होती. गाडीच एवढी देते. परत येऊन तसं सांगितलं असतं तर अजमल सुटला असता. पण मग त्यांचं वाक्य? गाडी काय देत नाही, पाय देतो. त्या हिशोबानं आता जड पाय त्यांचाच ठरत होता. दुसऱ्यांना ज्या मापानं मोजलं, ते माप स्वतःच्या पायाला लागलं. उंब्रजजवळ त्यांनी गाडी पंपावर घेतली. सहा लिटर पेट्रोल स्वतःच्या खिशातून टाकलं. पावती चुरगाळून तिथंच फेकली आणि स्क्रीनवरचा आकडा दाबून पुसला. तो कसा पुसायचा हे त्यांना व्यवस्थित माहीत होतं.

कुपवाडला टाकी परत भरली, तर सहा लिटर कमीच बसलं. एकोणीसच्या वर आले.

फौंड्रीत जल्लोष. यशराजसाहेबांनी पाठ थोपटली, कुणीतरी नारळ आणि टॉवेल आणला, आणि मशीनशॉपच्या दारात मेजरांचा सत्कारच झाला. सत्काराला आपल्याकडे निमित्त लागत नाही. इथं तर एकोणीस आले होते. मेजरांनी नारळ घेतला. गर्दीच्या मागं अजमल उभा होता, तोही टाळ्या वाजवत होता.

दुसऱ्या दिवशी अजमलकडून गाडीची चावी काढून घेतली. कामावरून काढलं नाही, तेवढी मालकांनी मेहेरबानी केली. माल चढवायच्या धक्क्यावर लावलं. चोर असं कुणी तोंडावर म्हटलं नाही. पण पोरं त्याला ‘कॅनवाले’ म्हणायला लागली. धक्क्यावर कुणाचा मोबाइल सापडेना झाला की माना आधी त्याच्याकडे वळायच्या. त्याच्या मोहल्ल्यातली दोघं आमच्याकडेच कामाला होती, म्हणजे बातमी संध्याकाळच्या आत घरी पोचलेली असणार.

आठवडाभरानं अजमल मेजरांच्या खोलीत आला. मेजरांना वाटलं, भांडायला आला. ते म्हणतात, मनातून बरंही वाटलं. भांडला तर आपण ओरडू, ओरडलो की हलकं होऊ.

अजमल म्हणाला, ‘मेजर, मला शिकवा.’

‘काय शिकवू?’

‘पाय कसा ठिवायचा ते. म्या कॅन नेला न्हाई, अल्ला कसम. मग चूक माझ्या पायाचीच हाय ना? तुमच्या हातात एकोणीस येतात आनि माझ्या हातात तेरा. एकदा तुमच्यासमोर चालवतो, कुठं चुकतंय बघा. पेट्रोल माझ्या पैशानं टाकतो.’

त्यानं मेजरांवर शंका घेतलीच नव्हती. त्याच्या डोक्यात तसं आलंच नव्हतं. आणि मेजर एवढे भेकड, की हो म्हणाले.

रविवारी दोघं लाल गाडी घेऊन निघाले. अजमलनं चपला काढून मागं ठेवल्या, पेडल तळपायाला नीट कळावं म्हणून. काचा बंद, एसी बंद. कपाळावरचा घाम डोळ्यांत जात होता तरी पुसायला हात उचलत नव्हता. दर थोड्या वेळानं विचारायचा, ‘आता बरोबर हाय?’ ‘आता जास्त दाबला का?’ मेजर शेजारी बसून बघत होते. चूक काढायला जागाच नव्हती. इतका हलका पाय त्यांनी फौजेतही बघितला नव्हता. ते फक्त ‘हं’ म्हणत राहिले.

पेठ नाक्यापर्यंत जाऊन परत आले. टाकी भरली. हिशोब केला तर चौदाला थोडं कमीच.

अजमल स्टेअरिंगवर डोकं टेकून बसला. ‘न्हाई जमत, मेजर,’ म्हणाला. ‘माझा पायच तसा हाय. मालकांना सांगतो, चूक माझीच हाय. मला ड्रायव्हरकी न्हाई जमत.’

तेव्हा मेजरांच्या तोंडून ते बाहेर आलं. उंब्रज, सहा लिटर, फेकलेली पावती, पुसलेला आकडा, सगळं. ‘तुजा पाय माझ्यापेक्षा हलका हाय,’ असंही म्हणाले. अजमल त्यांच्याकडे बघत होता. शिवी देईल, कॉलर धरेल, काहीतरी करेल, म्हणून मेजर वाट बघत राहिले. मागचा मोटारसायकलवाला हॉर्न वाजवायला लागला, तेव्हा अजमलनं गाडी पुढं घेतली.

सोमवारी मेजर यशराजसाहेबांसमोर उभे राहिले. फौजेत साहेबासमोर उभं राहतात तसे, ताठ. सगळं सांगितलं. यशराजसाहेब मोठ्यानं हसले. ‘अहो मेजर, तो वीसचा आकडा कंपनी बंद खोलीत रोलरवर गाडी फिरवून काढते. रस्ता नाही, ट्रॅफिक नाही, एसी नाही. मला शोरूमवाल्यानं तेव्हाच सांगितलं होतं, तेरा-चौदा धरा. मी चालवायचो तेव्हा तर दहा द्यायची.’

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून त्यांनी एकोणीसला टाळ्या वाजवल्या आणि अजमलची चावी काढून घेतली. का, तर ‘तुम्ही काढून दाखवले ना, मग मला वाटलं असेल काहीतरी.’ मला या माणसाचा जो राग आला तो अजून गेलेला नाही. पण मेजर मला म्हणाले, ‘त्यांच्यावर कशाला चिडतोस? खोटं म्या बोललो.’

चावी अजमलला परत मिळाली. मेजरांनी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर हात जोडले. ‘कॅनवाले’ म्हणणाऱ्या पोरांच्या माना खाली गेल्या. त्यात माझीही होती. झालं, मिटलं, असं आम्हाला वाटलं. अजमल तेवढा उठून मेजरांजवळ आला आणि म्हणाला, ‘मेजर, घरी चला. हे माझ्या बायकोला, फिरदोसला सांगा.’

‘तू सांगितलं न्हाईस?’

‘म्या सांगून काय उपयोग? कॅन नेला न्हाई, हे आधीपास्नं सांगतोयच की.’

संध्याकाळी मेजर त्याच्या घरी गेले. दोन खोल्या, दारात तुळशीसारखी जपलेली मेंदीची कुंडी. फिरदोसनं डोक्यावर ओढणी घेतली, खुर्ची पुसून दिली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मेजरांनी खुर्चीत न बसता सगळं सांगितलं. बायकांसमोर असं बोलायची त्यांना सवय नाही, दोनदा अडखळले. शेवटी म्हणाले, ‘पोरी, तुझा नवरा सरळ हाय. म्या लबाड हाय.’

फिरदोस मेजरांकडे नाही, अजमलकडे बघून म्हणाली, ‘मी तुमचा शर्ट हुंगायची. रोज, धुवायच्या आधी. पेट्रोलचा वास येतोय का बघायला.’

अजमलला हे माहीत नव्हतं. तो दाराच्या चौकटीला धरून उभा होता. ‘आला का कधी?’ त्यानं विचारलं.

‘न्हाई आला,’ ती म्हणाली. ‘तरीबी दुसऱ्या दिवशी हुंगायचीच.’

दोघं एकमेकांकडे बघेनात. मेजर मधे उभे होते. त्यांना कुणी जा म्हटलं नाही, बसा असंही म्हटलं नाही.